अनुभव मागवत आहोत: परीक्षेचे दिवस आणि मुलांचा रक्तदाब

परीक्षेच्या काळात आपल्या घरात किंवा वर्गात कोणाचा रक्तदाब वाढल्याचे आढळले असेल, तर तो अनुभव येथे लिहावा. आकड्यासोबत तो केव्हा आणि कसा मोजला हेही नमूद करावे, नाहीतर नुसत्या आकड्याला फारसा अर्थ राहत नाही.

पालक, डिचोली: बारावीच्या गणिताच्या पेपरच्या सकाळी मुलीचे डोके दुखू लागले, म्हणून आजोबांच्या यंत्रावर रक्तदाब पाहिला, तर तो १४६/९० निघाला. घरात एकच धावपळ उडाली आणि त्या धावपळीने ती आणखीच घाबरली. दुपारी जेवून पडल्यानंतर तोच ११८/७६ होता.

डॉक्टर, फोंडा: यात नवल नाही. धास्तीने अ‍ॅड्रेनलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. प्रसंग सरला की तो बहुधा उतरतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये, आणि पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण तो लहान पडला तर आकडा उगाच वाढीव येतो. तेरा वर्षांपुढील मुलांत १२०/८० च्या खालचा दाब सामान्य मानतात. १३०/८० किंवा त्याहून अधिक दाब वेगवेगळ्या दिवशीच्या तीन तपासण्यांत आढळला, तरच त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी: माझ्या बाबतीत पेपरच्या भीतीपेक्षा जागरणाचा वाटा मोठा असावा. सत्र परीक्षेत रात्रभर कॉफी, एनर्जी ड्रिंक आणि फरसाण यांवरच आमचे वसतिगृह चालते. मागच्या सत्रात मी रात्री बारानंतरची कॉफी सोडली. छातीतली धडधड कमी झाली, आकडेही थोडे उतरले. (गुण मात्र होते तेवढेच राहिले.)

शिक्षिका, म्हापसा: आमच्या वर्गातील एका मुलाचा दाब परीक्षेत वाढलेला आढळला, तेव्हा आम्ही सर्वांनी ‘टेन्शन असेल’ म्हणून विषय संपवला. सुट्टीतही तो उतरेना, तेव्हा पालक त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) घेऊन गेले आणि तपासणीत मूत्रपिंडाचा विकार निघाला.

डॉक्टर, फोंडा: मुलांमधील उच्च रक्तदाबामागे मूत्रपिंडाचे विकार हे एक प्रमुख कारण असते. डिचोलीच्या पालकांनीही निकालानंतर, घरात कसलीच घाई नसताना, मुलीचा दाब पुन्हा तपासून घ्यावा.