विषय: [मंडळ-चर्चा] कॅसेट संग्रह आईला नाशिकहून उघडतो, मला ऑफिसातून नाही

प्रेषक: चिटणीस, संग्रह समिती
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

गणपतीतल्या जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट्स मी डिजिटल करून घरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर, जेलीफिन या ऐकवणाऱ्या-दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्यात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तीन वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात आमच्याकडे डीएसएल जाऊन फायबर आलं आणि तेव्हापासून निम्म्या लोकांना संग्रह उघडतो, निम्म्यांना नाही.

राउटर तोच फ्रिट्झबॉक्स. ‘पोर्टफ्रायगाबेन’ (पोर्ट फॉरवर्डिंग) पानावरचा, बाहेरून येणाऱ्याला ८०९६ नंबरच्या पोर्टातून, म्हणजे दारातून, पायकडे पाठवणारा नियम तोच. पायचा घरातला पत्ता पक्का केलेला आहे. पोर्ट तपासणाऱ्या दोन साइट्स पाहिल्या, दोन्ही म्हणतात ‘बंद’. ऑफिसातून पान नुसतं फिरत राहतं. आणि नाशिकला आईच्या मोबाईलवर मात्र झटक्यात उघडतं! काल तिने अख्खं नाटक ऐकलं आणि कोण कुठे अडखळलं तेही वर मला ऐकवलं.

पोर्ट बंद असेल तर आईला कसं दिसतं? आणि उघडा असेल तर मी काय घोडं मारलंय?

— चिटणीस

---

प्रेषक: खजिनदार
रविवार, रात्री ११:०५

राउटर बंद करून चालू करा. माझं नव्वद टक्के वेळा तेवढ्याने भागतं. नाहीच झालं तर त्यात ‘एक्सपोज्ड होस्ट’ म्हणून एक खूण असते, ती करा. सगळी पोर्टं एकदम उघडतात, कटकटच मिटते.

ता.क. महाप्रसादाला किती पानं, हे अजून अकरा घरांनी कळवलेलं नाही. केटरर माझ्या डोक्यावर बसलाय.

---

प्रेषक: ताई, डार्मश्टाट (जर्मनी)
सोमवार, सकाळी ७:१५

खजिनदारसाहेब, पानांचा हिशेब तुमचा, पण ही खूण कृपा करून कोणी करू नका. घराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातली गत. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने लोकांच्या घरातल्या एनएएस डब्यांवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यांवरच्या) फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा सापडले ते असेच थेट इंटरनेटवर उघडे ठेवलेले डबे.

चिटणीस, तीन गोष्टी बघून सांग. पायचा पत्ता १९२.१६८.१७८ ने सुरू होतो की १७९ ने? (१७९ म्हणजे फ्रिट्झबॉक्सचं पाहुण्यांचं नेटवर्क. फायबरवाल्याने वायर चुकून चौथ्या भोकात खोचली असेल तर तेही होऊ शकतं.) दुसरं, स्वतःच्या मोबाईलचं वाय-फाय बंद करून संग्रह उघडतो का? घरच्या वाय-फायवरून केलेली चाचणी धरू नकोस. तिसरं आणि मुख्य, राउटरच्या ‘ऑनलाइन-मोनिटोर’ पानावर आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; नवी ती आयपीव्ही६) च्या पुढे काय लिहिलंय, ते जसंच्या तसं.

---

प्रेषक: चिटणीस
सोमवार, संध्याकाळी ६:३०

ताई,

> पायचा पत्ता
१७८. वायर बरोबर आहे.

> वाय-फाय बंद करून
उघडतं! मोबाईल डेटावर एकदम व्यवस्थित. तोच फोन ऑफिसच्या वाय-फायला जोडला की नाही.

> ऑनलाइन-मोनिटोर
‘डीएस-लाइट टनेल वापरात आहे’ अशा अर्थाचं जर्मन वाक्य आहे, आणि खाली ‘एएफटीआर गेटवे’ म्हणून एक लांबलचक पत्ता. आयपीव्ही४ पत्ता असा कुठे दिसतच नाही. ‘माझा आयपी काय’ सांगणारी साइट मात्र एक पत्ता दाखवते.

---

प्रेषक: ताई, डार्मश्टाट
सोमवार, रात्री ९:५०

सापडलं. तुझा नियम बरोबर आहे. तो नियम ज्या पत्त्यावर चालायचा, तो पत्ताच आता तुझा नाही.

आयपीव्ही४ चे पत्ते एकूण ४२९ कोटी. जगाच्या कोठारातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या ३ फेब्रुवारीला वाटून झाले, आणि युरोपपुरता साठा संपल्याचं, तिथले पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसी या संस्थेने २०१९ च्या २५ नोव्हेंबरला जाहीर केलं. जुन्या कंपन्यांकडे पूर्वीचे पत्ते पडून आहेत. काल-परवा फायबर टाकायला निघालेल्यांना ते विकत घ्यावे लागतात. म्हणून ते एका पत्त्यात कित्येक घरं बसवतात. डीएस-लाइटमध्ये तुझ्या राउटरला खरा पत्ता मिळतो तो फक्त आयपीव्ही६ चा. आयपीव्ही४ ची सगळी वाहतूक त्यातूनच बोगद्याने कंपनीच्या एएफटीआर नावाच्या यंत्रापर्यंत जाते आणि तिथून सामायिक पत्त्याने बाहेर पडते.

आपल्याकडच्या सोसायटीसारखं समज. तू फ्लॅटच्या दारावर पाटी लावलीस, ‘कॅसेट ऐकायला येणाऱ्यांनी आतल्या खोलीत यावे’. पण पाहुणा गेटवरच अडकलाय. वॉचमनच्या वहीत तुझं नाव नाही आणि त्या वहीत लिहायचा अधिकार तुला नाही. पोर्ट तपासणाऱ्या साइटनेही तुझं दार वाजवलंच नाही, वॉचमनची केबिन वाजवली.

मग आईला कसं उघडतं? तिच्या मोबाईलला आयपीव्ही६ आहे. तुझ्या फ्रिट्झबॉक्समध्ये तो नियम आयपीव्ही४ आणि ६ दोन्हींसाठी केलेला होता, आणि मायफ्रिट्झचं नाव (फ्रिट्झबॉक्सवाल्यांच्या सेवेतून मिळालेला, आपण ब्राउझरमध्ये टाकतो तो पत्ता) थेट पायच्या आयपीव्ही६ पत्त्याकडे बोट दाखवतं. तिच्यासाठी गेटच नाही, मागच्या रस्त्याने सरळ दारात. तुझ्या ऑफिसात फक्त आयपीव्ही४ आहे, आणि त्या नावाला आता आयपीव्ही४ पत्ता उरलेलाच नाही.

बाकीच्यांसाठी, कारण हे प्रत्येक घरी निघणार आहे. काही कंपन्या डीएस-लाइटऐवजी सीजीनॅट (एका पत्त्यात अनेक घरं बसवायची दुसरी पद्धत) वापरतात. तिथे राउटरला आयपीव्ही४ पत्ता दिसतो, पण तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असतो. राउटरवरचा पत्ता आणि ‘माझा आयपी’ साइटवरचा पत्ता जुळत नसेल, तर आधी कंपनीचा एखादा डबा राउटरच्या पुढे बसलाय का ते बघा. नसेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर रात्री जागवू नका. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. आपली उपकरणं खाजगी नेटवर्कने जोडणारं टेलस्केल हे सॉफ्टवेअरही हेच १०० चे पत्ते वापरतं. लॅपटॉपवर १०० दिसलं म्हणून कंपनीला शिव्या घालू नका, राउटरवरच बघा.

उद्या हॉटलाइनला फोन कर. ‘नेट चालत नाही’ असं म्हणू नकोस, नाहीतर तुला वायर तपासायला लावतील. ‘आइने अ‍ॅफेंटलिशे आयपी-फाउ-फीअर-आद्रेसे’ (सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता) हवी, ‘ड्युअल स्टॅक’ (आयपीव्ही४ आणि ६ दोन्ही) करून द्या, एवढंच.

---

प्रेषक: नाना (सध्या लेकीकडे, एडिसन, अमेरिका)
मंगळवार, पहाटे ३:१०

ताई, वॉचमनमुळे समजलं. इथे लेकीच्या घरी उघडतं आणि गल्लीतल्या लायब्ररीत उघडत नाही, ते मी लायब्ररीच्या माथी मारत होतो. वयाचा मान ठेवून कोणी बोललं नसावं.

---

प्रेषक: चिटणीस
शनिवार, दुपारी १:२०

हॉटलाइनचा वृत्तांत: पन्नास मिनिटं संगीत, मग एक मुलगी, मग दुसरा विभाग. उत्तर असं की घरगुती करारात आयपीव्ही४ मिळणार नाही, व्यवसायाचा करार घ्या. तो दरमहा दुपटीच्या घरात जातो. मंडळाकडे एवढे पैसे नाहीत, हे खजिनदारांना विचारायचीही गरज नाही.

मग ताईंनी फोनवर शेजारी बसवल्यासारखं करून घेतलं. सार्वजनिक आयपीव्ही४ असलेला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. पायवर वायरगार्ड हे खाजगी बोगदा (व्हीपीएन) बांधणारं सॉफ्टवेअर टाकलं. पाय स्वतःहून त्या सर्व्हरला हाक मारतो आणि दर २५ सेकंदांनी ‘आहे हं’ म्हणत राहतो, म्हणजे बोगदा मिटत नाही. आतून बाहेर जायला वॉचमन अडवत नाही ना, त्याचाच फायदा. सर्व्हरवर कॅडी हा वेब सर्व्हर बसवला, तो आलेल्यांना बोगद्यातून पायपर्यंत नेतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सुरक्षा-प्रमाणपत्र तो आपलं आपण आणतो, त्यामुळे पत्त्यापुढे कुलूपही आलं. इतके दिवस आपले पासवर्ड उघड्यावरून जात होते, हे ताईंनी सांगितल्यावर मी जरा गप्प झालो.

आता घरचं एकही पोर्ट उघडं नाही. ज्या नियमासाठी मी आठवडाभर डोकं फोडलं, तो काल रात्री पुसून टाकला.

आयपीव्ही४ असो वा आयपीव्ही६, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाहून उघडून बघा. ब्राउझरमधली जुनी खूण (बुकमार्क) पुसा, नवा पत्ता सभासदांच्या पानावर आहे.

---

प्रेषक: खजिनदार
शनिवार, दुपारी १:४५

उघडतंय. सर्व्हरचं बिल मंडळाच्या नावाने घ्या, ‘संग्रह’ खात्यात टाकतो. पानं कळवायची अजून चार घरं बाकी.

---

प्रेषक: नाना
शनिवार, रात्री ८:३०

लायब्ररीतून लिहितोय. हेडफोन लावून ऐकलं, खणखणीत आवाज. फक्त नाटकाचा दुसरा अंक पहिल्याच्या आधी लागतो. कॅसेटची बाजू उलटी भरली गेली असेल. बी बाजूवर माझ्याच हाताची तारीख असेल, बघ.