चवथीआधी रंग? आधी गळती बघा

फोंड्याच्या ताईंनी विचारलंय की चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरातली मुलांची खोली चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, कमी पैशांत, स्वतः रंगवता येईल का. येईल, पण सगळी खोली नको. आपल्याकडे चवथ पावसातच येते आणि तेव्हा बाहेरच्या बाजूची भिंत ओलीच असते. लोणा (ओलीमुळे वर येणारा पांढरा क्षार) आलेल्या भिंतीवर पुट्टी लावली की दिवाळीपर्यंत पोपडे सुटतात. फुटलेली कौलं आधी बदला, पन्हळ साफ करा. ह्याला फार पैसे लागत नाहीत. आता फक्त आतल्या कोरड्या भिंती घ्या, ओलीचं काम पाऊस गेल्यावर.

जुना रंग कोरडा घासू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असू शकतं. रांगणारं मूल जमिनीवरची धूळ हातातोंडाने पोटात घेतं. घासायचंच असेल तर पाणी मारून ओलं घासा, मुलांना आजोळी पाठवा आणि लादी ओल्या फडक्याने पुसूनच त्यांना आत घ्या. शक्य असेल तिथे घासण्याच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

भिंतींना रंग म्हणून चुना स्वस्त आहे आणि चिऱ्याची भिंत त्यातून सुकते, म्हणून माझं मत त्यालाच. मात्र कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो, डोळ्यात उडाला तर गंभीर इजा होते. तो मुलं झोपलेली असताना, अंगणात भिजवा आणि वर झाकण ठेवा.