बाळाच्या पापणीवर लाल गाठ, थांबायचं की औषध द्यायचं?

सातारची_आई: लेक 10 आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा डाव्या पापणीवर फिकट गुलाबी ओरखडा होता, मी म्हटलं डास चावला असेल. आता तिथे चिंचोक्याएवढी लालभडक, मऊ गाठ आहे. रडली की आणखी फुगते आणि डोळा अर्धाच उघडतो. एक डॉक्टर म्हणाले, हिमॅन्जिओमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, आपोआप जिरेल. दुसऱ्यांनी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं. अहो, ते तर माझ्या वडिलांचं बीपीचं औषध! सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळी हातात घेतलीस त्याचं हे. त्यात मामंजींच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये हिमॅन्जिओमा निघाला होता, म्हणून शेजारच्या काकूंनी 'घराण्यातच आहे' असं जाहीरही करून टाकलं.

दोन_पोरांची_माय: विळीचा काही संबंध नाही गं. माझ्या धाकट्याच्या मांडीवर असाच होता. आम्ही काहीच केलं नाही, चौथ्या वर्षापर्यंत फिका पडला, आता तिथली कातडी जरा सैल आहे एवढंच. पण मांडी वेगळी आणि पापणी वेगळी. डोळा झाकला गेला तर त्या डोळ्याची नजर घडतच नाही, पुढे गाठ जिरली तरी तो आळशी राहतो. आणि या गाठी पहिल्या काही महिन्यांतच झपाट्याने वाढतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखव.

औषधाचं म्हणशील तर हा शोध चुकूनच लागला. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी ते दिलं, तर नाकावरची गाठ दुसऱ्याच दिवशी मऊ पडली. हे 2008 मध्ये छापून आलं. एकच पाळ: दूध पाजल्याशिवाय डोस नाही. उलट्या होत असतील, पीत नसेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. नाहीतर या औषधाने रक्तातली साखर उतरते.

निवृत्त_पोस्टमन: मामंजींच्या पंगतीतला मी. माझ्या लिव्हरमध्ये 3 सेंमीची गाठ 2016 साली पित्ताशयाचे खडे शोधताना सापडली. तीन रात्री झोप नाही. आजही तेवढीच आहे. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढायला नकार दिला, रक्तस्राव होतो म्हणून. मोठ्यांची ही गाठ वेगळी, बाळाची वेगळी, तेव्हा काकूंना चहा पाजा नि सोडून द्या. बाळाच्या अंगावर पाच किंवा जास्त डाग असतील तर मात्र पोटाची सोनोग्राफी करतात.

सातारची_आई: अंगावर हा एकच आहे. काल डोळे तपासले, मग पहिला डोस दवाखान्यातच दिला. दोन तास बसवून नाडी मोजत होते. आज रंग जांभळट वाटतोय, की मलाच तसं दिसतंय? किती महिने द्यावं लागेल?

दोन_पोरांची_माय: साधारण सहा महिने तरी, काहींना वर्षाची होईपर्यंत. डोस वजनावर असतो, म्हणून बाळ वाढलं की बदलतो. नवी चिठ्ठी मिळाली की फ्रिजवरची जुनी फाडून टाक. आमच्याकडे आजोबांनी तापाच्या औषधाची जुनीच वाचली होती.