वेग, गती, चपळाई : चाळीस यार्डांच्या घड्याळात नेमकं काय मोजतात?

कोलंबसकर :
मंडळी, एका शब्दावर अडलोय. इथे ओहायोत शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल. लंबगोल चेंडूचा, हातात घेऊन पळायचा तो. माझे वडील कराडला असतात. तीन-चार वर्षांपासून त्यांना या खेळाचा नाद लागलाय. त्यांच्या रविवारी सकाळी मी फोनवर अख्खा सामना सांगतो, मराठीत. इंग्रजी त्यांना येतं, पण खेळ मराठीत सांगितला तरच डोळ्यांसमोर येतो म्हणतात.

परवा एका पोराबद्दल बोलताना मी म्हणून गेलो, "अण्णा, हा वेगवान नाही, पण मैदानात वेगवान आहे." पलीकडून प्रश्न आला, "म्हणजे घरी हळू पळतो का?"

हसू आलं, पण गोची खरी आहे. इकडे दोन वेगळे शब्द सर्रास वापरतात. एक 'टाइम्ड स्पीड', म्हणजे चाळीस यार्ड (साडेछत्तीस मीटर) सरळ रेषेत पळून घड्याळात आलेली वेळ. कॉलेज संपवून व्यावसायिक संघांत जाऊ पाहणाऱ्या मुलांची ही परीक्षा दरवर्षी इंडियानापोलिसला होते, तिला कंबाइन म्हणतात. दुसरा 'प्ले स्पीड', म्हणजे खऱ्या सामन्यात, अंगावर पॅड, समोर अकरा जण, तेव्हा तो किती वेगवान खेळतो ते. हा घड्याळात नाही, सामन्याच्या फिल्मवर बघतात. दोन्हींना 'वेग'च म्हटलं की वाक्य स्वतःलाच खोडतं. मराठीत ही फोड कशी करायची?

शाळामास्तर :
मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तुमचं अर्धं काम झालेलं आहे. तिथे 'चाल' वेगळी आणि 'वेग' वेगळा. चालीला दिशा नसते, वेगाला असते. चुकीच्या बाजूला जीव तोडून धावणाऱ्याची चाल भरपूर, पण गोलाच्या दिशेने त्याचा वेग उणा. आणि वेग बदलण्याच्या दराला 'त्वरण'. तुमची चाळीस यार्डांची शर्यत जागेवरून सुरू होते ना? मग त्यात निम्मं त्वरणच मोजलं जात असणार.

कोलंबसकर :
बरोबर पकडलंत. म्हणूनच जाणकार चाळिसाच्या आकड्याआधी पहिल्या दहा यार्डांची वेळ बघतात. पण 'त्वरण' फोनवर म्हटलं तर अण्णा फोन ठेवतील. आणि 'चाल' म्हटलं की त्यांना बुद्धिबळ आठवतं. एका अर्थी तेही चुकीचं नाही म्हणा.

खांबाजवळचा :
अहो, खो-खोवाल्यांना विचारा की! आमच्या संघात एक जण होता, शंभर मीटरला शाळेत पहिला. पाठलागाला उठला की एकदा दिशा घेतल्यावर मागे फिरता येत नाही. समोरचा खांबापाशी नुसती हूल द्यायचा आणि हा बाण सुटल्यासारखा पुढे निघून जायचा. त्याला आम्ही 'वेगवान' म्हणायचो, पण 'चपळ' कुणी म्हणत नसे. तुमचा शब्द 'चपळ' आहे. विषय संपला.

कोलंबसकर :
विषय संपला नाही, पण चांगल्या जागी आला. 'चपळ'ला जागा आहेच, आणि तिला जिवंत उदाहरण आहे : मिसिसिपी विद्यापीठाचा डीके मेटकाफ. २०१९च्या कंबाइनमध्ये एवढ्या आडदांड देहाने चाळीस यार्ड ४.३३ सेकंदांत काढले. सगळे तोंडात बोटं घालून बसले. मग त्रिकोणात ठेवलेल्या तीन शंकूंभोवती वळणं घेत पळायची चाचणी झाली, त्यात ७.३८. क्वार्टरबॅक (म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फेकणारा) टॉम ब्रेडी, ज्याच्या संथपणावर आजही विनोद होतात आणि ज्याला २०००मध्ये चाळीस यार्डांना ५.२८ लागले होते, त्याची या शंकूंच्या चाचणीतली वेळ ७.२०. म्हणजे वळणावर ब्रेडी पुढे! मग ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात तिथे, मेटकाफ दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटापर्यंत, ६४व्या क्रमांकापर्यंत घसरला.

तर मेटकाफ वेगवान, पण (त्या दिवशी, त्या शंकूंभोवती) चपळ नाही. इथवर 'चपळ' चालतो. पुढे अडतो. कारण शंकूंची वेळही घड्याळातलीच ना? 'प्ले स्पीड' त्याच्याही पलीकडे आहे. शंकू हूल देत नाहीत.

पंचांगवाली :
मध्येच एक आगाऊ सवाल. चाळीस यार्डांत चांगल्या आणि बेताच्या पळणाऱ्यात फरक किती सेकंदांचा असतो?

कोलंबसकर :
ताई, एकाच वर्षातली जोडी देतो. २०१७. वॉशिंग्टन विद्यापीठाचा जॉन रॉस ४.२२मध्ये पळाला. तेव्हाचा विक्रम. (२०२४मध्ये टेक्सासच्या झेवियर वर्दीने ४.२१ करून तो मोडला.) त्याच राज्यातल्या, पण एक पायरी खालच्या गटात खेळणाऱ्या ईस्टर्न वॉशिंग्टनचा कूपर कप ४.६२. दोघेही वाइड रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारे. फरक ०.४० सेकंद.

पंचांगवाली :
मग ऐका. एक घटिका २४ मिनिटांची. तिचे साठ भाग केले की एक पळ, २४ सेकंदांचं. पळाचे साठ भाग केले की विपळ. एक विपळ म्हणजे बरोब्बर ०.४ सेकंद! तुमच्या रॉस आणि कपमध्ये नेमकं एक विपळ आहे. 'पळभरही उसंत नाही' म्हणतो आपण, इथे तर अख्खी शर्यत पळाच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

(धावण्याचं पळ आणि काळाचं पळ यांचा व्युत्पत्तीशी काही संबंध नाही. नाहीतर लगेच कुणीतरी जोडेल.)

कोलंबसकर :
वा! हे अण्णांना सांगितलंच पाहिजे. आता त्या विपळाचं पुढे काय झालं ते बघा. शर्यतीच्या शेवटी ०.४ सेकंद म्हणजे साधारण चार यार्डांचं अंतर, अगदी डोळ्यांत भरणारं. रॉसला सिनसिनाटीने पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर उचललं. कप तिसऱ्या फेरीत ६९वा. रॉसच्या पहिल्या हंगामात एकही झेल नाही. पुढेही दुखापतींनी त्याला धड उभं राहू दिलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आणि कपने २०२१च्या हंगामात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) असे तिन्ही आकडे साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक केले. वर त्या हंगामाच्या सुपर बोलचा, म्हणजे अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आणि हा काही एकटा अपवाद नाही. २००३ घ्या. फ्लोरिडा स्टेटचा अँक्वान बोल्डिन ४.७च्या आसपास पळाला, रिसीव्हरसाठी हे जवळजवळ लाजिरवाणं. ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जने कॉलेजच्या शेवटच्या हंगामात क्वार्टरबॅकला २४ वेळा मागेच लोळवलं होतं, तो राष्ट्रीय विक्रम. त्याचंही घड्याळ निराशाजनक आलं. वर्षअखेर आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित बोल्डिन आणि बचावातला सग्ज!

जुन्नरी :
आमच्याकडे बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैलजोडी किती सेकंदांत आली त्यावर सगळं ठरतं. बैल घेताना मात्र नुसते सेकंद विचारून कुणी पैसे मोजत नाही. जोडीदाराबरोबर कसा धरतो, गर्दीत बुजतो का, ते बघायला माणूस दोन-तीन घाट हिंडतो. तुमचे अमेरिकन लोक कोट्यवधी डॉलर ओततात आणि सेकंदांवर भुलतात म्हणजे कमाल आहे राव.

कोलंबसकर :
सगळेच भुलतात असं नाही, आणि सेकंदही अगदीच टाकाऊ नाहीत. फिल्मसुद्धा फसवते. उंच, लांब ढांगा टाकणारा माणूस पडद्यावर रमतगमत चाललाय असं वाटतं आणि बुटका तुरुतुरु पळणारा तुफान वाटतो. प्रतिस्पर्धी मंद असले की कुणीही वारा दिसतो. कपबद्दल हीच शंका होती. शिवाय कॉलेजच्या मैदानावर मधल्या आडव्या खुणांच्या दोन रांगांत ४० फुटांचं अंतर असतं, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फूट. डाव सुरू होतो तो या रांगांवर किंवा त्यांच्या दरम्यान. त्यामुळे कॉलेजात डाव कडेच्या रांगेवरून सुटला की एका बाजूला भलंमोठं रान मोकळं. त्या रानात सुसाटलेला पोरगा पुढे त्याच रानाला मुकतो.

घड्याळाच्याही खोड्या आहेत. कंबाइनमध्ये बंदूक वाजत नाही. खेळाडू आपल्या मर्जीने निघतो, तो हलला की माणूस हाताने घड्याळ सुरू करतो आणि शेवटी यंत्राचा किरण ते थांबवतो. त्यामुळे ऑलिंपिकच्या आकड्यांशी या आकड्यांची तुलना करणं व्यर्थ. मेटकाफने २०२१मध्ये खऱ्या धावपटूंबरोबर १०० मीटर पळून पाहिले, १०.३७ सेकंदांत. फुटबॉलपटूला अप्रतिम, त्याच्या शर्यतीत मात्र तो शेवटचा.

उलट बॉब हेज. फ्लोरिडा ए अँड एमचा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण, १० सेकंद. नंतर डॅलसकडून खेळला तेव्हा एकाला एक लावून तो कुणाला आवरेना, म्हणून बचाववाल्यांना माणसाऐवजी जागा राखायची पद्धत जास्त वापरावी लागली असं सांगतात. इथे घड्याळच खरं ठरलं.

शाळामास्तर :
एक सुचतं. 'फिल्म'ला आपण काय म्हणायचं? 'फिल्म बघून खेळाडू निवडला' म्हटलं तर आमच्या आळीत वाटेल की हिरो निवडलाय.

कोलंबसकर :
खरंय. इकडे 'टेप'ही म्हणतात, टेप जाऊन जमाना लोटला तरी. मी सरळ 'खेळ बघून' म्हणतो. 'चित्रफीत' म्हटलं की पुढे उद्घाटन समारंभ येतो.

खेळ बघणं म्हणजे काय, ते एकदा मी घरी करून पाहिलं. मैदानावर दर पाच यार्डांना आडवी पांढरी रेघ असते. प्रसारणाच्या एका सेकंदात साधारण ३० चित्रं. एका पोराच्या पळीवर व्हिडिओ थांबवला आणि लेकीला शेजारी बसवून बटण दाबत चित्रं मोजली : डावा पाय ४०च्या रेघेवर, इथून ६०च्या जागी, म्हणजे पलीकडच्या ४०वर, ५९ चित्रं. वीस यार्डांना जेमतेम दोन सेकंद, तासाला ३३ किलोमीटरच्या वर. पॅड घालून, काखेत चेंडू धरून! तोवर मी त्याला 'मठ्ठ' म्हणत होतो.

पण खरी गंमत त्याआधीच्या दीड सेकंदात होती. चेंडू हातात आल्यावर तो पळालाच नाही. आपल्या वाट काढणाऱ्या गड्याच्या पाठीवर हात ठेवून जवळजवळ चालत होता. बचावाचा एक जण घाईने आत घुसला, त्याची पाठ वळली, आणि त्याच क्षणी याने मुसंडी मारली. लेक म्हणाली, "बाबा, हा थांबला म्हणून लवकर पोचला." यात 'वेगवान' बसत नाही आणि 'चपळ'ही पुरत नाही.

पंचांगवाली :
मग 'गती' म्हणा ना! 'तिला गाण्यात गती आहे', 'गणितात त्याला गती नाही' असं आपण म्हणतोच. गती म्हणजे वेगही आणि त्या विषयातली समज, पोच, उपजत जाणही. घड्याळात वेग दिसतो, खेळात गती दिसते.

कोलंबसकर :
ताई, हाच! दोन्ही अर्थ एका शब्दात, आणि नेमके हवे तेच दोन. इंग्रजीत 'प्ले स्पीड' म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं हेच असतं, की याला पुढचं आधी कळतं, म्हणून हा आधी पोचतो. पण ते बिचारे त्याला 'स्पीड'च म्हणतात.

खांबाजवळचा :
माझी हरकत. 'गती'ला फार शेपट्या आहेत. मध्यमगती गोलंदाज, द्रुतगती मार्ग, अधोगती. आमच्या आजीच्या तोंडी 'त्याला गती मिळाली' म्हणजे माणूस गेला! पोरगा मैदानात असताना कशाला?

कोलंबसकर :
'मिळाली' नको, 'आहे' ठेवू. विभक्तीने वाचेल पोरगा. 'त्याची गती' म्हणजे नुसता वेग, 'त्याला गती' म्हणजे जाण. काल फोनवर वापरून पाहिलं : "अण्णा, वेग बेताचा, पण पोराला गती आहे." एक क्षण शांतता. मग म्हणाले, "मग चेंडू त्यालाच देत जा म्हणावं." कळलं त्यांना.

आता उरले दोन. दूर असलेला बचावपटू शेवटच्या चार-पाच पावलांत अंतर खाऊन टाकतो, त्याला इकडे 'क्लोझिंग स्पीड' म्हणतात. आणि दुसरं, वळताना ज्याचा खालचा धड एकसंध दरवाजासारखा फिरतो, त्याला हे 'कमरेत ताठ' म्हणतात.

जुन्नरी :
पहिल्याला 'झडप'. घार घालते ती. दुसऱ्यासाठी तालमीत विचारतो. आमचे वस्ताद अशा पैलवानाला काहीतरी म्हणायचे, पण ते इथे लिहिण्यासारखं असेल की नाही, ते आधी बघावं लागेल.