इंग्लंडमधल्या खंदकवाल्या गढ्या: एवढ्या उथळ खंदकाचा उपयोग काय?

दुर्गवेडा: केंटमधलं आयटम मोट (हो, उच्चार 'आयटम'च) आणि वॉरिकशरमधलं बॅडस्ली क्लिंटन यांचे नकाशे पाहतोय. भिंती थेट पाण्यात उतरतात, पण वेढा पडला तर चार दिवसही टिकतील असं वाटत नाही. मग खणायचा खटाटोप कशाला? आणि शतकानुशतकं पाणी टिकतं कसं?

चर्या_जंग्या: वेढा डोक्यातून काढा. ही आपल्या पाटलाच्या गढीची जातकुळी. चोर, भुरटे दरोडेखोर, मोकाट जनावरं बाहेर राहिली की झालं, बाकी थाट. इंग्लंडात अशा ५,०००हून जास्त जागा आहेत, बहुतेक १२५० ते १३५० मधल्या. चर्यांचा, म्हणजे दातेरी माथ्याचा, तट बांधायला राजाचा परवाना घ्यायची रीत होती. नॉरफोकच्या ऑक्सबरा हॉलला तो १४८२मध्ये मिळाला. बहुतेक खंदकवाल्यांकडे असला परवाना नव्हताच. तट झेपत नसेल तर खंदक खणा आणि सरदारासारखं मिरवा! मासे पाळायचे म्हणतात, पण शौचकूपही त्याच पाण्यात उतरत. म्हणून ताटातले मासे अनेकदा वेगळ्या तळ्यातले.

काळीमाती: पाणी टिकतं ते मातीमुळे. सफोक, एसेक्समध्ये या जागांची दाटी आहे, कारण तिथे जड चिकणमाती. खणलं की झालं. रेताड जागी ओली चिकणमाती तुडवून थर द्यावा लागतो. हिशेब करून बघा: ४० मीटर बाजूचा चौरस ओटा, भोवती खंदक वर ८ मीटर, तळाशी ४ मीटर रुंद, २ मीटर खोल. माती निघते साधारण २,३०० घनमीटर. ती सगळी आतल्या ओट्यावर पसरली तर ओटा जवळजवळ १.४ मीटर उंच होतो. दलदलीत कोरडी जोती हवी असतील तर हाच खरा फायदा. पाणी ओढ्यातून किंवा झऱ्यातून आत, आणि दुसऱ्या टोकाला झडप.

दुर्गवेडा: गाळ काढायला पूर्ण रिकामा करतात का?

काळीमाती: घाईने तर मुळीच नको. पाणी झपाट्याने उतरलं की काठची माती ओलीच राहते आणि भिंतीला बाहेर ढकलते; समोरून रेटणारं पाणी मात्र गेलेलं असतं. भिंत पाण्यातच उभी, म्हणजे पाया सरकलाच. टप्प्याटप्प्याने उतरवायचं, दर टप्प्याला भेगांवर खुणा करून बघायचं. तळ महिनोन्‌महिने उघडा राहिला तर चिकणमाती तडकते, मग पाझर. पुलाचे ओकचे खांब पाण्याखाली शेकडो वर्षं टिकतात, कुजतात ते पाणी वरखाली होतं त्या वीतभर पट्ट्यात. काठावर मोठी झाडं वाढू देऊ नयेत. मुळं थर फोडतात.

चर्या_जंग्या: आणि गाळ फावड्याने उपसून फेकू नका. त्यात चामडं, लाकूड, बिया टिकून असतात. संरक्षित जागा असेल तर परवानगीशिवाय हातही लावता येत नाही.

बॅडस्लीची एक गंमत: १५९१मध्ये झडती आली तेव्हा, त्या काळी बंदी असलेले कॅथलिक पाद्री जुन्या सांडपाण्याच्या बोगद्यात घोटाभर पाण्यात सुमारे चार तास उभे राहिले. खंदकाने कोणाला वाचवलं म्हणायचं, तर त्यांना.

काळीमाती: खंदकाने नाही हो, गटाराने.