थायरॉइड, पाळी आणि पोट एकदमच बिघडलंय. ‘गट हेल्थ’वर (म्हणजे आतड्यांच्या आरोग्यावर) २२ हजार घालू का?

वाघबीळकरीण:

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

वय ४३. राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. थायरॉइडची गोळी सहा वर्षं चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) कायम दोन-अडीच. वर्षातून एकदा रक्त द्यायचं, रिपोर्ट फाइलला लावायचा आणि विसरून जायचं. यंदा फेब्रुवारीत तो ६.८ आला. डॉक्टरांनी गोळी ८८ची केली. मेअखेर पुन्हा तपासला तर ९.४! गोळी वाढवली तर आकडा उतरायला हवा ना?

त्यात पोट. सकाळी धड साफ होत नाही, आणि संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला उतरेपर्यंत असं फुगतं की सलवारीची नाडी गाडीतच सैल करावीशी वाटते. पाळीआधीचा आठवडा तर विचारूच नका. आणि पाळी आली की एकदम उलटं, दोन दिवस जुलाब. हल्ली ती २३-२४ दिवसांनीच येते आणि अंगावरून फार जातं. केस गळतायत, चिडचिड होते. घरच्यांचं निदान तयार आहे: वय झालं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक हेल्थ कोच आहेत. त्यांच्या मते सगळ्याचं मूळ आतड्यांत. आतडी ‘रीसेट’ केली की हार्मोन्स आपोआप ताळ्यावर. ९० दिवसांचं पॅकेज, २२ हजार. गहू, दूध, चहा बंद, रोज तीन पावडरी, शिवाय शौचाची मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे आतड्यातल्या जीवाणूंची तपासणी, वेगळी. शेजारच्या काकूंना फरक पडला, पण त्या मधले दोन महिने लेकीकडे कोकणात होत्या, तेव्हा फरक पॅकेजचा की कोकणाचा, देव जाणे.

पोट आणि हार्मोन्स यांचा खरंच काही संबंध असतो की हे नवीन फॅड आहे? कुणी असं काही केलंय का?

तलावपाळी:

माझ्या बहिणीने गहू सोडला, महिन्यात हलकं वाटायला लागलं तिला. करून बघायला काय जातंय?

खडूफळा:

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. पण संबंध आहे का म्हणाल तर आहे, आणि रील्स यायच्या शंभर वर्षं आधीपासून माहीत आहे. पहिला हार्मोन सापडला तोच मुळी आतड्यात. १९०२ साली लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या, तरी स्वादुपिंड पाझरलंच. म्हणजे निरोप रक्तातून गेला. त्या निरोप्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं, आणि ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने १९०५मध्ये वापरात आणला. भूक लावणारा, पोट भरल्याचं सांगणारा, इन्सुलिनला हाक मारणारा, असे कितीतरी हार्मोन्स पोट आणि आतडीच बनवतात.

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचाही आतड्यांशी संबंध आहे. यकृत त्याला दुसऱ्या एका रेणूशी बांधून पित्तातून आतड्यात टाकतं. तिथले काही जीवाणू ती गाठ सोडवतात आणि सुटलेलं इस्ट्रोजेन परत रक्तात शोषलं जातं. इथवर पक्कं. पण म्हणून अमुक पावडर घेतली की इस्ट्रोजेन ‘बॅलन्स’ होतं, ही उडी मोठी आहे. त्या शौचाच्या टेस्टचं तर विचारूच नका. रंगीत रिपोर्ट येतो, पण निरोगी माणसात कुठला जीवाणू किती असावा याचं सर्वमान्य प्रमाणच ठरलेलं नाही. मग कमी-जास्त ठरवणार कशावरून?

पाळीआधी पोट फुगणं आणि नंतर जुलाब, हे मात्र पाठ्यपुस्तकातलं. पाळीआधी प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन चढलेलं असतं, ते आतड्यांचे स्नायू सैलावतं, सगळं रेंगाळतं. पाळी सुरू झाली की गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून जी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं तयार होतात ती शेजारच्या आतड्यालाही पिळतात.

औषधवाली:

कोपरखैरण्याला माझं मेडिकल आहे, डी.फार्म. २२ हजार बाजूला ठेवा. आधी सांगा, थायरॉइडच्या गोळीशिवाय अजून काय काय घेता, कधीपासून, आणि अगदी घड्याळ लावून, कधी? सकाळी उठल्यापासून पहिला घास पोटात जाईपर्यंतचं सगळं लिहा.

वाघबीळकरीण:

खडूफळा सर, आभार. नाडीचं कोडं सुटलं.

ताई, सांगते. गेल्या ऑक्टोबरात छातीत जळजळ व्हायची म्हणून फॅमिली डॉक्टरांनी पँटोप्रॅझोल १५ दिवस दिली होती. बरं वाटलं म्हणून मीच चालू ठेवली, अजून चालू आहे. जानेवारीत हिमोग्लोबिन ९.६ आलं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिली. केसांसाठी बायोटिन मी आपली आपण घेते.

सकाळ म्हणजे, पावणेसहाला उठते. हळदीकुंकवात वाण आलेली एक स्टीलची डबी ओट्यावर असते, सगळ्या गोळ्या तिच्यात. कुकर लावला की डबी उघडायची आणि पाचही गोळ्या तळहातावर घेऊन एका घोटात. विसरायला नको म्हणून मुद्दाम एकत्र. पहिली शिट्टी होईस्तोवर चहा झालेला असतो, तो तिथेच उभ्याउभ्या. सात-साडेसातला पोळी-भाजी, मग निघते.

औषधवाली:

सापडलं! निदान बरंचसं.

थायरॉइडची गोळी लहान आतड्यात शोषली जाते, आणि रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी पूर्ण शोषली जात नाही, साधारण ७० ते ८० टक्केच. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतात, मग ती रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. म्हणून त्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचं अंतर लागतं. चहा-कॉफी-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. आणि पँटोप्रॅझोलने पोटातलं आम्ल कमी होतं, ते आम्ल नसेल तर थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही. तिथे वेळ बदलून फारसं साधत नाही, कारण तिचा परिणाम दिवसभर राहतो. तारखा बघा तुमच्या. ऑक्टोबरात ती, जानेवारीत लोह-कॅल्शियम, फेब्रुवारीत ६.८. मग ८८ची सुरू केलीत, पण तीही त्याच तळहातावर. दोन डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नसणार, आणि डबी तर दोघांनीही पाहिलेली नाही.

आता हे चक्र कसं फिरतं बघा. थायरॉइड कमी पडलं की आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही, फुगतं. पाळीला जास्त जाऊ शकतं. जास्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं. मग लोह सुरू होतं, ते थायरॉइडची गोळी अडवतं आणि वर स्वतःही पोट बांधतं. त्यात आम्ल कमी असलं की लोहही कमीच शोषलं जातं.

पण मनाने काही बंद करू नका. सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. पँटोप्रॅझोल अजून हवी का, लोह दुपारी घेऊ का, एवढं विचारा. आणि हे जरूर विचारा की वेळा सुधारल्यावर ८८च ठेवायची का, कारण आता ती पूर्ण लागू पडली तर जास्तही होऊ शकते. धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं काही झालं तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांना गाठा. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, त्याने काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो.

कोचच्या पावडरींच्या डब्यांमागचं वाचा. बहुतेक लोह-कॅल्शियम तिथेही निघेल.

खडूफळा:

तलावपाळी, गहू सोडण्याबद्दल एक. थायरॉइड स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच बिघडलेला असेल तर सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचं अस्तर खराब होणं, थोडं जास्त आढळतं. तो संशय असला तर रक्ताची साधी तपासणी असते. पण ती गहू खात असतानाच करायची. आधीच सोडला तर असलेला आजारही रिपोर्टमध्ये दिसत नाही. करून बघायला जातं ते हे.

तलावपाळी:

हे माहीत नव्हतं. बहिणीला विचारते, तिने तपासणी केली नव्हती बहुतेक.

नौपाडा_नर्स:

बाकी सगळं पटलं. पण चाळिशीनंतर रोज पोट फुगत असेल आणि पाळीला एवढं जात असेल तर पोटाची आणि ओटीपोटाची सोनोग्राफी करून घ्याच, गोळ्यांचं गणित सुटलं तरी. शौचातून रक्त किंवा उगाच वजन उतरणं असेल तर लगेच. ‘वय झालं’ म्हणणाऱ्यांना सोबत न्या, बिल भरायला.

वाघबीळकरीण:

अपडेट देते. काल पिशवी घेऊन गेले. डॉक्टर आधी स्ट्रिप्सकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. पँटोप्रॅझोल हळूहळू कमी करून बंद करायची आहे. लोह दुपारी जेवणानंतर ऑफिसात, कॅल्शियम रात्री. ८८ तूर्त तशीच, सात आठवड्यांनी रक्त. सीलिअ‍ॅकची तपासणी आणि सोनोग्राफी दोन्ही लिहून दिल्यात. थायरॉइडची गोळी झोपताना घेतली तर चालेल का विचारलं, तर म्हणाले जेवणानंतर तीन तास गेले असतील तर चालेल. आमच्याकडे जेवणं दहाला आटपतात, म्हणजे एक वाजता. राहू दे. सकाळीच पाचचा गजर लावते, गोळी घेऊन परत आडवी होते. डबीत आता फक्त कॅल्शियम, लोहाची स्ट्रिप ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि थायरॉइडची उशाशी.

कोचना ‘नाही’ असं कळवलं. ‘तुम्ही तयार नाही आहात’ असं उत्तर आलं.

औषधवाली ताई, एकच शेवटचं. पाचला गोळी घेतल्यावर परत झोप नाहीच लागली, तर कोरा चहा चालेल का? दूध न घालता?

औषधवाली:

कोरा चहा हाही चहाच. सहा वाजेपर्यंत पाणी प्या.