हीथ्रो: निकाल फिरला, हिशेब तसाच
'लंडनच्या हीथ्रो विमानतळाची प्रस्तावित तिसरी धावपट्टी न्यायालयाने कायमची मोडीत काढली' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या अपील न्यायालयाने पॅरिस हवामान करार विचारात न घेतल्याबद्दल सरकारचं या धावपट्टीबाबतचं धोरण बेकायदा ठरवलं, पण डिसेंबरात तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी आर्थिक वाढीच्या नावाने तीच फाइल पुन्हा वर काढली.

खरी गोम कार्बनच्या हिशेबात आहे. ब्रिटनच्या सहाव्या कार्बन बजेटनुसार, म्हणजे देशाच्या उत्सर्जनावरच्या कायदेशीर मर्यादेनुसार, २०३५ पर्यंत १९९०च्या तुलनेत उत्सर्जनात ७८ टक्के कपात हवी, आणि त्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणंही धरली आहेत. हीथ्रोवरची वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा उठवली, तर वाढलेल्या उत्सर्जनाएवढी जादा कपात दुसऱ्या कुणाच्या तरी माथी येणार. विमानांसाठी शाश्वत (कमी कार्बनच्या) इंधनाची सक्ती २०३० ला फक्त १० टक्के आहे. बाकी इंधन रॉकेलच्याच जातीचं!

'धावपट्टीसाठी खाजगी पैसा आहे, लोकांना काय तोशीस?' असाही युक्तिवाद होतो, तोही पटत नाही. विमानतळाच्या शुल्काची कमाल पातळी नियामक ठरवतो. मान्य झालेली गुंतवणूक विमान कंपन्यांकडून त्याच शुल्कातून वसूल होते, आणि त्या ती तिकिटात घालतात.